चाकाचे स्टड (डिस्क ब्रेक रूपांतर)

चाकाचा स्टड म्हणजे मोटारगाडीचे चाक हबला घट्ट धरून ठेवणारा, आटे पाडलेला पोलादी दांडा होय. स्टडचे एक टोक हबच्या फ्लँजमध्ये कायमचे बसवलेले असते. दुसरे टोक चाकाच्या छिद्रातून बाहेर येते व त्यावर नट आवळला जातो. जुन्या, अभिजात मोटारगाड्यांचे मूळ ड्रम ब्रेक काढून त्या जागी डिस्क ब्रेक बसवण्याच्या कामाला डिस्क ब्रेक रूपांतर म्हणतात. या कामात हब, डिस्क आणि पुष्कळदा चाकही बदलते. त्यामुळे मूळ स्टडची लांबी, व्यास, आटे किंवा बैठक नव्या जुळणीला योग्य राहतीलच असे नाही. अपुऱ्या लांबीच्या किंवा न जुळणाऱ्या स्टडवरही नट वरकरणी घट्ट बसल्यासारखा वाटू शकतो. चाक सैल झाल्याचे मात्र गाडी धावत असताना लक्षात येते. म्हणून रूपांतरात स्टडची निवड हब, डिस्क आणि चाक निश्चित झाल्यावर, प्रत्यक्ष मोजमाप घेऊन शेवटी केली जाते.

== रचना व कार्य ==

दाबून बसवायच्या स्टडचे चार भाग असतात. डोके फ्लँजच्या मागील बाजूस टेकते. डोक्यालगतचा दातेरी भाग फ्लँजच्या छिद्रात घट्ट रुततो आणि स्टडला फिरू देत नाही. काही स्टडना त्यापुढे आटे नसलेला छोटा गुळगुळीत भाग असतो. शेवटी आटे पाडलेला भाग येतो. काही हबमध्ये दातेरी स्टडऐवजी मागून किंवा पुढून आट्यांनी फिरवून बसवायचे स्टड वापरतात. ॲल्युमिनियमच्या हबमध्ये हा प्रकार विशेष आढळतो. काही गाड्यांत, उदाहरणार्थ फोक्सवॅगन बीटलमध्ये, स्टड नसतातच. चाक थेट हबमध्ये किंवा ड्रममध्ये जाणाऱ्या बोल्टने धरले जाते.

गाडीचे वजन स्टडवर टांगलेले असते, असा एक सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात योग्य रीतीने आवळलेल्या जोडात स्टडचे मुख्य काम ताण धरण्याचे असते. नट आवळला जाताना स्टड अत्यल्प प्रमाणात लांबतो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे चाकाला हबकडे ओढून धरतो. या ओढीमुळे चाक, डिस्क आणि फ्लँज यांचे पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात. त्यांच्यातील घर्षणच गाडीचे वजन, वळणावरचा आडवा रेटा आणि ब्रेकचा पीळ पेलते. ही ओढ, म्हणजे पकडबल, कमी झाली की पृष्ठभाग एकमेकांवर सरकू लागतात. मग स्टडवर आडवा मार बसतो, प्रत्येक फेऱ्याला तो किंचित वाकतो व सुटतो आणि अखेर धातूच्या थकव्याने तुटतो. त्यामुळे तुटलेला स्टड हा बहुधा आधी सैल झालेला स्टड असतो.

=== एक ढोबळ हिशोब ===

पकडबलाचा अंदाज टॉर्कवरून घेता येतो. टॉर्क हा पकडबल, स्टडचा व्यास आणि घर्षणावर अवलंबून असणारा एक गुणक यांच्या गुणाकाराइतका असतो. कोरड्या आट्यांसाठी हा गुणक सुमारे ०.२ धरतात. १/२ इंच (१२.७ मिलिमीटर) व्यासाच्या स्टडवर १०० न्यूटन-मीटर टॉर्क दिला, तर पकडबल सुमारे ३९ किलोन्यूटन येते. पाच स्टडचे मिळून ते सुमारे १९७ किलोन्यूटन होते. चाक आणि डिस्क यांच्यातील घर्षणांक ०.१५ धरल्यास हा जोड सुमारे २९ किलोन्यूटनपर्यंतचा सरकवणारा रेटा सहन करू शकतो.

आता ब्रेकचा भार पाहू. जोराने ब्रेक दाबताना पुढच्या एका चाकावर रस्त्यापाशी ४ किलोन्यूटन बल आणि टायरची त्रिज्या ०.३ मीटर धरली, तर चाकावर १,२०० न्यूटन-मीटर पीळ येतो. स्टडचे वर्तुळ ११४.३ मिलिमीटर व्यासाचे असल्यास त्या वर्तुळावर हा रेटा सुमारे २१ किलोन्यूटन होतो. पाचही नट योग्य आवळलेले असताना तो सहज पेलला जातो. दोन नट निकामी असतील तर मात्र घर्षणाची क्षमता सुमारे १८ किलोन्यूटनवर येते आणि चाक हबवर सरकू शकते. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. जोडात राखीव ताकद असते, पण ती अमर्याद नसते, एवढे त्यांतून स्पष्ट होते.

== पार्श्वभूमी ==

चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून गाडी थांबवण्याच्या कल्पनेचे एकस्व ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले होते. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ड्रम ब्रेकच प्रचलित राहिले. १९५३ साली डनलॉप कंपनीचे डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार सी-टाइप गाडीने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकल्यावर या तंत्राकडे लक्ष वेधले गेले. १९५५ सालच्या सित्रोएन डीएस या गाडीने ते मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात आणले. १९६० च्या दशकात अनेक गाड्यांच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळू लागले.

ड्रममधील उष्णता लवकर बाहेर पडत नाही. घाटातील लांब उतारावर ड्रम तापतो, अस्तराची पकड कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी पुरेशी थांबत नाही. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते आणि पाण्यातून गेल्यावरही लवकर कोरडी होते. जुनी गाडी आजच्या रहदारीत वापरू इच्छिणारे मालक याच कारणासाठी रूपांतर करतात.

डिस्क बसवल्याने टायरची रस्त्यावरची पकड मात्र वाढत नाही. एका जोरकस थांबण्यात स्टडवर येणारा कमाल भार टायरच्या पकडीनेच मर्यादित होतो. फरक असा की, डिस्क ब्रेक हा कमाल भार न थकता पुन्हा पुन्हा आणू शकतात. जुन्या ड्रमबरोबर क्वचितच पूर्ण भार पाहणाऱ्या जोडाला आता तो वारंवार सोसावा लागतो.

== रूपांतरात स्टडवर परिणाम करणारे बदल ==

डिस्क हबवर बसवण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत. स्टडची निवड त्यांनुसार बदलते.

* '''स्टडवरून सरकवायची डिस्क:''' डिस्कचा मधला, टोपीसारखा उंच भाग फ्लँज व चाक यांच्यामध्ये येतो. टोपीची जाडी स्टडच्या लांबीतून वजा होते. पत्र्यापासून घडवलेल्या ड्रमच्या तळापेक्षा ओतीव लोखंडी डिस्कच्या टोपीची जाडी बहुधा जास्त असते.
* '''हबच्या मागे जोडलेली डिस्क:''' डिस्क स्वतंत्र बोल्टने किंवा स्टडनेच फ्लँजच्या आतल्या बाजूस धरलेली असते. स्टड डिस्कमधूनही जात असल्यास त्याचे डोके डिस्कवर टेकते. अशा वेळी दातेरी भाग फ्लँजपर्यंत पोहोचेल इतका लांब असावा लागतो.
* '''हब व डिस्क एकसंध:''' स्टड थेट या ओतीव भागात बसतात. जुने हब पूर्णपणे निघून जाते आणि नव्या भागाबरोबर येणारे स्टड मूळ गाडीच्या स्टडपेक्षा वेगळ्या व्यासाचे किंवा वेगळ्या आट्यांचे असू शकतात.

कॅलिपरला जागा मिळावी म्हणून चाकेही पुष्कळदा बदलावी लागतात. पोलादी पत्र्याच्या चाकाची नटाखालील जाडी थोडी असते. मिश्रधातूच्या चाकाची ती कितीतरी अधिक असते. चाक कॅलिपरला घासत असल्यास मध्ये स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी चकती, घालतात. स्पेसर जितका जाड, तितके आटे नटाच्या हातून जातात.

== निवडीचे निकष ==

=== व्यास व आटे ===

स्टड कोणत्या मापाचा आहे हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. व्यास व्हर्निअर पट्टीने आणि आटे आटे-मापक पट्ट्यांनी मोजतात. अभिजात गाड्यांत नेहमी आढळणारी मापे पुढीलप्रमाणे आहेत. शेवटच्या स्तंभातील फेरे, नट स्टडवर किमान स्टडच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंत जावा या प्रचलित नियमावरून काढून पुढील पूर्णांकात दिले आहेत.

{| class="wikitable"
! स्टडचे माप !! व्यास (मिमी) !! दोन आट्यांतील अंतर (मिमी) !! नटाचे किमान पूर्ण फेरे
|-
| ३/८ इंच, इंचाला २४ आटे || ९.५३ || १.०६ || ९
|-
| ७/१६ इंच, इंचाला २० आटे || ११.११ || १.२७ || ९
|-
| १/२ इंच, इंचाला २० आटे || १२.७० || १.२७ || १०
|-
| एम १२ × १.५ || १२.०० || १.५० || ८
|-
| एम १२ × १.२५ || १२.०० || १.२५ || १०
|-
| एम १४ × १.५ || १४.०० || १.५० || १०
|}

या कोष्टकातील सर्वांत धोकादायक गोष्ट म्हणजे मापांमधील साम्य. १/२ इंची स्टडच्या आट्यांतील अंतर १.२७ मिलिमीटर आहे आणि एम १२ × १.२५ चे १.२५. अंतरे जवळजवळ सारखी असल्याने १/२ इंचाचा नट एम १२ च्या स्टडवर हाताने सहज चढतो. व्यासात मात्र ०.७ मिलिमीटरचा फरक असल्यामुळे आटे केवळ टोकाला एकमेकांना धरतात व जोर येताच सोलून निघतात. एम १२ × १.२५ चा नट ७/१६ इंची स्टडवर चढवतानाही हेच घडते. नट नेहमीपेक्षा डुगडुगत असेल, तर मापे न जुळल्याचे ते लक्षण मानावे.

व्यास वाढल्याने ताकद बरीच वाढते. ताण घेणारे क्षेत्रफळ ७/१६ इंची स्टडचे सुमारे ७७ चौरस मिलिमीटर, तर १/२ इंची स्टडचे सुमारे १०३ चौरस मिलिमीटर असते. म्हणजे सुमारे एक तृतीयांशाने अधिक. म्हणूनच जड किंवा अधिक शक्तिशाली गाडीत रूपांतराबरोबर मोठ्या व्यासाचे स्टड घेतात. चाकाची छिद्रे व नटाची बैठक त्या मापाची आहेत, याची खात्री मात्र आधी करावी लागते.

=== लांबी ===

स्टडची लांबी डोक्याच्या खालच्या पृष्ठभागापासून मोजतात. लागणारी लांबी म्हणजे फ्लँजची जाडी, डिस्कच्या टोपीची जाडी, स्पेसरची जाडी, नटाच्या बैठकीपर्यंतची चाकाची जाडी आणि नटात जाणाऱ्या आट्यांची लांबी यांची बेरीज होय. स्टडच्या टोकाला आटे पूर्ण खोलीचे नसतात. त्यासाठी दोन-तीन मिलिमीटर अधिक धरतात.

कल्पित मापांचे एक उदाहरण घेऊ. फ्लँज १० मिलिमीटर, ड्रमचा तळ ४ मिलिमीटर आणि पोलादी चाक ४ मिलिमीटर जाड आहे. १/२ इंची स्टडची लांबी ३८ मिलिमीटर असेल, तर नटासाठी २० मिलिमीटर उरतात. व्यास १२.७ मिलिमीटर असल्याने ही लांबी पुरेशी आहे. आता ड्रमच्या जागी ७ मिलिमीटर टोपीची डिस्क आणि बैठकीपाशी १० मिलिमीटर जाडीचे मिश्रधातूचे चाक आले, तर त्याच स्टडवर ११ मिलिमीटर उरतात; म्हणजे नऊ फेऱ्यांपेक्षा कमी. त्यात ५ मिलिमीटरचा स्पेसर घातला तर केवळ ६ मिलिमीटर, म्हणजे पाचांपेक्षाही कमी फेरे शिल्लक राहतात. या स्थितीतही नट आवळला जातो व बाहेरून सर्व ठीक दिसते. या जुळणीसाठी किमान ४४.७ मिलिमीटर, आणि टोकाचा भाग धरून सुमारे ४८ मिलिमीटर लांबीचा स्टड हवा.

हिशोब केल्यावरही शेवटची तपासणी फेरे मोजूनच करतात. चाक जागेवर ठेवून नट हाताने बैठकीला टेकेपर्यंत फिरवावा आणि नंतर उलटा फिरवत तो पूर्ण सुटेपर्यंतचे फेरे मोजावेत.

अनावश्यक लांबीही निर्दोष नसते. बाहेरून बंद असलेला, टोपीसारखा नट लांब स्टडच्या टोकावर आतून टेकला, तर पाना घट्ट लागल्याचे जाणवते, पण चाकावर दाब येतच नाही. नव्या डिस्कची टोपी जुन्या ड्रमच्या तळापेक्षा पातळ असल्यास स्टडचा आटे नसलेला भाग पुढे येऊन नट त्यावर अडू शकतो. परिणाम तोच होतो.

=== दातेरी भाग ===

दातेरी भागाचा व्यास फ्लँजच्या छिद्रापेक्षा मिलिमीटरच्या काही दशांशाइतका मोठा असतो. फरक कमी पडला तर नट आवळताना स्टडच फिरू लागतो. फार जास्त झाला तर फ्लँजला तडा जाण्याचा धोका असतो. म्हणून सारखेच आटे असलेले दोन स्टड परस्परांच्या जागी चालतीलच असे नाही. दातेरी भागाची लांबीही फ्लँजच्या जाडीशी जुळावी लागते. तो फ्लँजच्या पुढे आला, तर डिस्क फ्लँजवर सपाट बसत नाही. सैल स्टड वितळजोड करून पक्का करणे हा उपाय नव्हे. त्या उष्णतेने पोलादाचे गुणधर्म बदलतात व हब वाकडे होऊ शकते.

=== पोलादाची प्रत ===

मेट्रिक स्टडच्या प्रतीचे दोन आकडे असतात. १०.९ या प्रतीतील १० म्हणजे तुटण्याची मर्यादा नाममात्र १,००० मेगापास्कल. ९ म्हणजे त्या मर्यादेच्या नऊ दशांश ताणापर्यंत स्टड कायमचा लांबत नाही. ८.८ प्रतीसाठी हेच आकडे ८०० आणि ६४० मेगापास्कल होतात. अमेरिकी पद्धतीतील प्रत ८ ही १०.९ च्या जवळची आहे. वरील हिशोबातील ३९ किलोन्यूटन पकडबलाने १/२ इंची स्टडमध्ये सुमारे ३८० मेगापास्कल ताण येतो, म्हणजे १०.९ प्रतीचा स्टड त्याच्या मर्यादेच्या बराच आत राहतो.

बाजारातील सामान्य बोल्टचे डोके कापून किंवा आट्यांच्या सळईचा तुकडा वापरून स्टड तयार करू नये. जास्त ताकदीच्या पोलादावर विजेच्या साहाय्याने क्रोमचा मुलामा चढवतानाही काळजी लागते. या प्रक्रियेत पोलादात शिरलेला हायड्रोजन योग्य तापवणी करून बाहेर काढला नाही, तर स्टड ठिसूळ होऊन भाराखाली अचानक तुटू शकतो.

=== नटाची बैठक ===

नट ज्या पृष्ठभागावर टेकतो त्याचा आकार चाकानुसार बदलतो. शंकूच्या आकाराची ६० अंशांची बैठक सर्वाधिक आढळते. गोलाकार बैठक आणि वॉशरसह सपाट बैठक हे इतर प्रकार आहेत. शंकूच्या आकाराचा नट गोलाकार बैठकीत घातल्यास तो केवळ एका अरुंद वलयावर टेकतो, बैठक झिजते आणि पकडबल नाहीसे होते. जुने नट आणि नवी चाके एकत्र वापरताना ही चूक वारंवार होते.

=== छिद्रवर्तुळ व मध्यछिद्र ===

सर्व स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या कल्पित वर्तुळाला छिद्रवर्तुळ म्हणतात. चार स्टड असल्यास समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांतील अंतर हाच त्याचा व्यास असतो. पाच स्टड असल्यास शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतील अंतराला १.७०१ ने गुणतात. हे अंतर ६७.२ मिलिमीटर असेल, तर व्यास ११४.३ मिलिमीटर, म्हणजे साडेचार इंच येतो.

येथेही जवळची मापे फसवतात. ४ इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर, १०० मिलिमीटरचे चाक अशा हबवर ताणूनच चढते. पावणेपाच इंच म्हणजे १२०.६५ मिलिमीटर आणि तेही १२० मिलिमीटरशी एकरूप नाही. अशा वेळी स्टड किंचित वाकलेल्या स्थितीत आवळले जातात.

डिस्कचे मध्यछिद्र हबच्या मधल्या उंचवट्याशी जुळत नसेल, तर डिस्क केंद्रस्थानी राहत नाही. असा दोष स्टडच्या आधाराने झाकण्याऐवजी योग्य मापाचे केंद्रवलय वापरणे इष्ट ठरते.

== काही गाड्यांची उदाहरणे ==

'''मॉरिस मायनर''' व मूळ '''मिनी''' या ब्रिटिश गाड्यांना ४ इंची छिद्रवर्तुळावर चार आणि ३/८ इंच व्यासाचे स्टड असत. मॉरिस मायनरला उत्पादनाच्या अखेरपर्यंत चारही चाकांना ड्रम ब्रेकच होते. त्यामुळे तिच्या रूपांतरात अन्य गाड्यांचे भाग वापरले जातात. डिस्कच्या टोपीची जाडी आणि स्टडची लांबी यांचा मेळ घालणे हा या कामाचा आवश्यक भाग आहे.

'''फोर्ड मस्टँग''' गाडीच्या आरंभीच्या वर्षांत सहा सिलिंडरच्या आवृत्तीला चार, तर व्ही-८ आवृत्तीला पाच स्टड होते. सहा सिलिंडरच्या गाडीला व्ही-८ चे डिस्क ब्रेक बसवल्यास पुढे पाच व मागे चार स्टड अशी स्थिती होते. सुटे चाक सर्व जागी चालावे यासाठी मागचा आसही बदलावा लागतो.

'''क्रायस्लर''' समूहाच्या प्लिमथ व्हॅलियंट आणि डॉज डार्ट या लहान गाड्यांना ४ इंची छिद्रवर्तुळावर पाच स्टड असत. १९७३ पासूनच्या डिस्क ब्रेकच्या आवृत्तीत हे वर्तुळ साडेचार इंचांचे झाले. नंतरच्या वर्षांतील डिस्क जुन्या गाडीवर चढवल्यास पुढची व मागची चाके परस्परांच्या जागी बसत नाहीत. याच समूहाच्या १९६० च्या दशकातील गाड्यांत डाव्या बाजूच्या स्टडना डावे आटे, म्हणजे उलट दिशेने आवळले जाणारे आटे, असत. रूपांतरानंतर पुढच्या डाव्या चाकाला उजवे आटे व मागच्या डाव्या चाकाला डावे आटे असा मिश्र प्रकार उरू शकतो. रस्त्यात चाक बदलणाऱ्या अनोळखी कारागिराने जोर लावून स्टड तोडू नये, यासाठी सर्व चाकांना एकाच दिशेचे आटे करणे किंवा ठळक खूण ठेवणे उपयुक्त ठरते.

== काढणे व बसवणे ==

काही जुन्या गाड्यांत, विशेषतः अमेरिकी गाड्यांत, स्टडचा खांदा ठोकून पसरवलेला असतो व त्यामुळे ड्रम हबला जखडून राहतो. असा स्टड तसाच दाबून काढल्यास पसरलेला भाग फ्लँजचे छिद्र मोठे करतो आणि नवा स्टड त्यात घट्ट बसत नाही. म्हणून तो भाग आधी कापून काढतात.

नवे स्टड हायड्रॉलिक प्रेसने, फ्लँजला छिद्राभोवती आधार देऊन सरळ दाबतात. नट आवळून स्टड ओढून घेण्याची पद्धत प्रचलित असली, तरी तिच्यात आटे व स्टड ताणले जाण्याचा धोका असतो. हब गाडीवर असताना हातोड्याने ठोकल्यास बेअरिंगच्या कडांवर खाचा पडतात. स्टडचे डोके फ्लँजला सर्व बाजूंनी टेकले आहे हे पाहणे आवश्यक असते. ते अर्धवट बसलेले असल्यास पुढे प्रवासात आत ओढले जाते आणि नट आपोआप सैल पडतो.

फ्लँज, डिस्क आणि चाक यांचे एकमेकांना टेकणारे पृष्ठभाग गंज, तेल व रंग यांपासून मुक्त असावेत. रंगाचा जाड थर भाराखाली चिरडला जातो आणि स्टडचा ताण उतरतो. नट ताऱ्याच्या आकृतीप्रमाणे समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळतात. टॉर्कचे मूल्य स्टडच्या व चाकाच्या उत्पादकाने दिलेले घ्यावे. ते कोरड्या आट्यांसाठी असेल, तर आट्यांना तेल लावू नये. वरील हिशोबातील गुणक तेलामुळे ०.२ वरून ०.१५ वर आला, तर त्याच टॉर्कला पकडबल सुमारे ३९ वरून ५२ किलोन्यूटन होते. नवी जुळणी केल्यावर ५० ते १०० किलोमीटर अंतर गेल्यावर नट पुन्हा तपासण्याची शिफारस केली जाते.

== बिघाडाची लक्षणे ==

* वेगाबरोबर वाढणारी ठकठक किंवा सुकाणूचक्रातील थरथर.
* नटाभोवती तांबूस गंजाची पूड किंवा ओघळ. हे पृष्ठभाग एकमेकांवर घासत असल्याचे चिन्ह आहे.
* चाकाची छिद्रे लंबगोल होणे.
* तोच नट प्रत्येक तपासणीत सैल आढळणे. अशा वेळी स्टड ताणला गेला असण्याची शक्यता असते.

एक स्टड तुटल्यास त्या चाकाचे इतर स्टडही जादा भाराखाली राहिलेले असतात. त्यामुळे त्या चाकाचे सर्व स्टड बदलणे योग्य मानले जाते.

== भारतातील स्थिती ==

मॉरिस ऑक्सफर्डवर आधारित हिंदुस्तान ॲम्बॅसेडर आणि फियाट ११०० वर आधारित, मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या भारतातील सर्वपरिचित जुन्या गाड्या होत. पद्मिनी अनेक दशके मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली. तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ॲम्बॅसेडरलाही दीर्घकाळ तसेच होते. अशा गाड्यांचे रूपांतर करताना अन्य गाडीचे भाग जुळवले जात असल्यास वरील सर्व मोजमापे स्वतंत्रपणे घ्यावी लागतात. इंची व मेट्रिक आटे एकाच गाडीवर येण्याचा संभव अशा वेळी विशेष असतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. अशी नोंदणी इच्छिणाऱ्या मालकाने रूपांतराचा निर्णय घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे हितावह ठरते. मूळ हब, ड्रम व स्टड खुणा करून जपून ठेवल्यास गाडी पुन्हा मूळ स्वरूपात आणता येते.

== हे सुद्धा पहा ==

* डिस्क ब्रेक
* ड्रम ब्रेक
* टॉर्क पाना
* हिंदुस्तान ॲम्बॅसेडर
* प्रीमियर पद्मिनी